हे शंभर जण कोण?

आई, कावळा आला. पिंड ठेवून तुमचा अमोल नीट मागेही सरकला नव्हता, तर हा हजर. घाटावरच्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "काही इच्छा राह्यली नाई बाईची," अकोटचे काका म्हणाले. आणि मला हसू आलं. पदर तोंडाला लावून मी मान फिरवली. लोकांना वाटलं, सून रडते आहे. तुम्हीच सांगून ठेवलं होतं ना, पोळ्या लाटता लाटता? "माह्यामागं तुमाले जे करायचं थे करा. लोकाइले जेवू घाला. पन एका कावळ्यावरून निष्कर्ष काढू नका."

काढला नाही. पण खरं सांगू का, तो आला म्हणून मलाही बरं वाटलं. हे तुमच्यासमोर कबूल केलं असतं तर तुम्ही दोन दिवस चिडवलं असतं.

भेटायला येणारे लोक 'सासूबाई गेल्या' म्हणून येतात. माझी वर्गमैत्रीण गेली, हे त्यांना कसं सांगायचं? एका वर्गात बसून, एकाच विषयात एम.ए. केलेल्या सासू-सुना आख्ख्या अमरावती-अकोल्यात आणखी कुणी असतील तर मला ठाऊक नाही. आणि विषय तरी कोणता, विज्ञानाचं तत्त्वज्ञान. मी प्रवेश घेतला तेव्हा अमोल म्हणाला होता, "सायन्स की फिलॉसॉफी? एक काहीतरी सांग." कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवून मला कंटाळा आला होता. तीच गणितं, तीच उत्तरं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला, अर्ज केला, आणि पहिल्या दोन महिन्यांतच तो सोडून द्यायच्या बेतात आले. वाचायचं खूप, समजायचं थोडं.

तेवढ्यात तुम्ही अकोल्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलात. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली होती. जन्मभर अकोटच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई वर्तमानपत्राशिवाय कशी राहणार? तुमची नुसती तगमग चालली होती. मी ओट्यावर फोन ठेवून व्याख्यान लावायची आणि भाकरी थापायची. त्या दिवशी व्याख्याते विचारत होते, सूर्य आजवर रोज उगवला हे खरं, पण तो उद्या उगवेल हे तुम्हाला कशावरून माहीत?

बाहेरच्या खोलीतून तुमचा आवाज आला. "काहून नाई उगवणार? काय म्हणून राहिला वं थो?"

मी तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही काळा चष्मा सांभाळत दारात येऊन उभ्या राहिलात. "रोज उगवला म्हणून उगवते असं कोन म्हणते? पृथ्वी फिरते म्हणून उगवते. सातवीच्या पोराले माहीत हाय."

"पण आई, पृथ्वी उद्याही फिरेल हे कशावरून?"

"आजपर्यंत फिरली..." असं म्हणालात आणि थांबलात. मागे वळून आत गेलात. संध्याकाळी जेवताना, अमोल काहीतरी कापसाच्या भावाचं सांगत असताना, त्याला मध्येच तोडून म्हणालात, "प्रणिता, थ्या माणसाचं उत्तर नाई माह्याजवळ." आवाजात हरल्याचं काही नव्हतं. उलट फार दिवसांनी जेवण लागल्यासारखा चेहरा होता तुमचा.

डोळे बरे होईपर्यंत तुम्ही माझी सगळी व्याख्यानं ऐकलीत. इंग्रजी तुम्हाला वाचायला यायचं, ऐकताना अडायचं. मग मी सांगायची आणि तुम्ही त्याला मराठी शब्द शोधायच्या. विगमन, गृहीतक, संभाव्यता. मराठी शब्द सापडला की कल्पनेला चिमटा काढून पाहायच्या, खरी आहे की फुगलेली. सोडून द्यायचं माझ्या डोक्यातून कधी निघून गेलं ते मला कळलंही नाही. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच अर्ज भरलात; नोकरीमुळे मी अर्धेच विषय घेत होते, म्हणून आपला वर्ग एकच झाला. तुम्हाला हे का शिकायचं आहे, या रकान्यात तुम्ही एवढंच लिहिलंत: 'मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मी काय शिकवत होते ते मला आता समजून घ्यायचं आहे.' मी माझ्या अर्जात त्याच रकान्यात दीड पान लिहिलं होतं.

दुपारचे ते वर्ग मला आता फार आठवतात. तिकडे सकाळ असायची. पडद्यावर एका चौकोनात मी, अमरावतीत. एका चौकोनात तुम्ही, अकोल्यात, इस्त्रीची साडी नेसून, मागे लोखंडी आलमारी. बाकीच्या चौकोनांत कुठकुठली तरुण मुलं. मे महिन्यात आपल्याला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, हा कसला आवाज येतो आहे, कुणाकडे विमान उतरतं आहे का? तुम्ही माइक सुरू केलात आणि ठणठणीत आवाजात म्हणालात, "मॅडम, इट इज कूलर. इट इज अकोला." त्या वर्गात तुम्ही बोललेलं ते पहिलं वाक्य. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि त्यानंतर तुम्हाला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही.

पहिला निबंध मात्र तुम्हाला लागला. गुण कमी आले म्हणून नव्हे. बाईंनी समासात लिहिलं होतं, 'हे सगळं नीट मांडलंय, पण तुमचं मत कुठे आहे?' तुम्ही संतापून फोन केलात. "इतकी वर्षं मी पोराइले सांगत आली, विज्ञानात 'मले वाटते' चालत नाई. निरीक्षण लिहा, अनुमान लिहा. आता या वयात ही बाई मले म्हणते, तुले काय वाटते थे सांग!"

"मग सांगा ना," मी म्हटलं.

"मले काय वाटते थे मले कोनी इचारलं होतं काय आतापर्यंत?"

त्यावर मी काहीतरी विनोद केला असावा. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून मी तुम्हाला, बाबा होते तोवर 'बाबांना विचारा', आणि ते गेल्यावर 'अमोलला विचारा' म्हणतानाच ऐकलं होतं. दुसऱ्या निबंधात तुम्ही पहिल्याच ओळीत 'मला वाटते' लिहिलंत आणि मला वाचून दाखवताना तिथे जरा थांबलात. त्या निबंधाला माझ्याहून जास्त गुण मिळाले. ते तुम्ही शेजारच्या कल्पनाबाईंना सांगितलंत, दूधवाल्याला सांगितलंत, वलगावला माझ्या माहेरी फोन करून माझ्या आईलाही सांगितलंत. मला राग आला होता, आई. आता तोही गोड वाटतो.

मग ती छातीची धाप सुरू झाली. जिना चढताना, नंतर नुसतं बोलतानाही. तपासणीत निघालं की हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. अकोल्याचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी घाई केली नाही, समोर बसवून सगळं सांगितलं. ऑपरेशन करता येईल, नागपूरला जावं लागेल. पण तुमच्या किडन्या अधू, साखर वर. मग त्यांनी आकडे सांगितले, शंभरातले इतके बरे होतात, शंभरातल्या इतक्यांना त्रास होतो. अमोल ते फोनमध्ये टिपून घेत होता.

तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "डॉक्टरसाहेब, हे शंभर जन कोन होते?"

"म्हणजे काकू?"

"म्हणजे माह्यासारख्या होत्या काय? माह्या वयाच्या, अशा किडनीच्या?"

अमोलनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, डॉक्टर आता चिडतात. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही काकू," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर तुमच्यासारखे त्यात फार थोडे होते. म्हणूनच मी तुम्हाला कराच म्हणत नाही, नकोही म्हणत नाही. दोन्हीकडे धोका आहे. ठरवायचं तुम्हाला आहे."

बाहेर आल्यावर ऑटोत बसता बसता तुम्ही मला म्हणालात, "शोधनिबंधाचा विषय सापडला." अमोल तुमच्याकडे बघतच राहिला. मला तुमची भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

त्या रविवारी घरी बैठक बसली. पुण्याहून स्वातीताई व्हिडिओ कॉलवर, तुमची मोठी लेक, तुमच्यासारखीच स्पष्ट बोलणारी. ताईंचं म्हणणं एकच, ऑपरेशन करायचं, नागपूर नको तर पुण्याला या, पण करायचं. अमोल कधी त्यांच्या बाजूचा, कधी तुमच्या. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि माझ्याकडे वळलात.

"तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "आई, मला माहीत नाही."

"माहीत नाई हे उत्तर पेपरात चालते. घरात नाई चालत. मी काय कराव थे नको सांगू. तू माह्या जागी असती तर काय केलं असतं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते, पडद्यातून ताईसुद्धा. मी म्हटलं, "मी नसतं केलं."

"मीबी नाई करत," तुम्ही म्हणालात आणि चहा टाकायला उठलात.

पुढे काय झालं ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही. ताईंचा मला वेगळा फोन आला. "तुम्ही दोघी तिथं पुस्तकं वाचून राहिल्या अन् इथं माझ्या आईचा जीव आहे," त्या म्हणाल्या. "तू सून आहेस. मी पोरगी आहे. ऑपरेशन करा म्हणायला तुझं काय जात होतं?" त्यानंतर ताईंनी मला फोन केला नाही. सणावाराला अमोलशी बोलायच्या, तुमच्याशी रोज बोलायच्या, माझी चौकशीसुद्धा करायच्या नाहीत. आणि मी माझ्या मनात ते एक वाक्य घेऊन फिरत राहिले. मी नसतं केलं. तुम्हाला काही झालं तर ते माझ्या त्या वाक्यामुळे, असं मीच धरून चालले होते. नुसतं आधी घडलेलं आणि खरं कारण यांत फरक कसा करायचा, यावर माझा स्वतःचा निबंध होता. काही उपयोग झाला नाही त्याचा.

तुम्ही मात्र कामाला लागलात. पायावर सूज असायची, पाय स्टुलावर ठेवून लिहायच्या. प्रश्न साधा होता: शंभर जणांवरून काढलेला आकडा एका माणसाबद्दल काय सांगतो? तुम्ही म्हणायच्या, "मले साठीपुढच्या बायाइत धरलं तर एक आकडा. किडनी अधू असलेल्याइत धरलं तर दुसरा. जलमभर अकोल्याचं ऊन खाल्लेल्याइत धरलं तर आकडाच नाई. मग माहा खरा आकडा कोनता?"

मी म्हणायची, कोणताच नाही. आकडा हा गर्दीचा असतो, एकट्या माणसाबद्दल तो गप्प असतो. आणि तुम्ही टेबलावर हात आपटायच्या. "थो गप्प असन. पन मले ठरवायचं हाय ना? मले तर त्याच्याशी बोलावंच लागते!" किती वेळा भांडलो आपण यावरून. फोनवर, कढी-गोळे खाताना, मूर्तिजापूरच्या लग्नात पंगतीला बसून. तिथं तर समोरच्या बाईनं वाढप्याला बोलावून सांगितलं, "इकडं आधी वाढा बाप्पा, सासू-सुनेचं जुंपलं हाय." आपलं जुंपलं कशावरून हे त्या बाईला कळलं असतं तर!

तो वाद मिटला नाही. मला अजूनही तुमचं पटलेलं नाही. आणि तुम्ही शेवटच्या प्रकरणात माझं मत मांडून, 'माझ्या एका सहाध्यायीला असे वाटते' असं लिहून, ते खोडून काढलंत. नाव तरी घालायचं होतं.

निकाल आला त्या दिवशी मी अकोल्यातच होते. तुम्ही पडद्यावरचं इंग्रजी दोनदा वाचलंत, चष्मा पुसून पुन्हा वाचलंत. मग म्हणालात, "झाले वाटते पास." त्याहून जास्त काही नाही. पण कल्पनाबाईंकडे ताज्या कोथिंबिरीची सांबारवडी पाठवताना ताटावर रुमाल टाकायला विसरलात, आणि तसं तुम्ही कधी विसरत नव्हता. तुम्हाला तो निकाल पाहायला मिळाला याचं मला इतकं बरं वाटतं, की त्यापुढे बाकीचं सगळं सोसता येतं.

आणि गेलात तेही कशा. आंघोळ झालेली, चहा घेतलेला, अंगणात खुर्ची, मांडीवर पेपर. कल्पनाबाईंनी कुंपणापलीकडून हाक मारली, तुम्ही ओ दिली नाही, त्या आल्या तर तुम्ही नव्हता. नळ्या नाहीत, यंत्रं नाहीत, काचेबाहेर उभं राहून हात हलवणं नाही. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. आम्ही अमरावतीहून निघालो तेव्हा गाडीत अमोल रडत होता आणि मी त्याचा हात धरून बसले होते. आतून मात्र धाक वाटत होता. आता ताई येतील.

आल्या. तुम्हाला पाहून खूप रडल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. दूध आलं का, काकांना चहा दिला का. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते तर ताई आत आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"प्रणिता, आईनं तुला विचारलं होतं ना त्या दिवशी, तू काय केलं असतं म्हणून?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हटलं, आलं. "हो ताई."

"तिनं आधीच ठरवलं होतं. डॉक्टरकडून घरी आली त्याच दिवशी मले फोन केला, मी नाई करत म्हणून. ती बैठक माह्यासाठी होती. मी ऐकत नव्हती, म्हणून सगळ्यांसमोर बोलू म्हणाली." ताई पुण्यात शुद्ध बोलतात, पण त्या दिवशी त्यांचं बोलणं पार अकोल्याचं झालं होतं. "तू करा म्हटलं असतं तरी तिनं केलं नसतं."

"मग मला कशाला विचारलं?"

"मीबी तेच इचारलं तिले. खूप भांडली मी. तर म्हणे, प्रणिताले मत असते, पन थे सांगत नाई. एकडाव तरी तिच्या तोंडून निघू दे म्हटलं."

मी खाली बसले. फरशीवरच, भांड्यांच्या मधोमध. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. ताई घाबरल्या, माझ्याजवळ बसल्या. "मले माहीत होतं अन् मी तुह्याशी बोलली नाई," त्या म्हणाल्या. "आईवर रागावता येत नव्हतं. मग कोनावर तरी रागवायचं होतं."

आई, एवढ्यासाठी? माझ्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून तुम्ही मला विचारलंत, आणि मी त्या वाक्याखाली पार दबून गेले! फोन वाजला की आधी अकोल्याचा आहे का ते बघायची मी. मला नंतर एकदा सांगायचं तरी. वर्गात दहा वेळा सांगायच्या तुमचं म्हणणं, हे एवढं राहिलं? तुमच्यावर मी खरंच चिडले आहे. आणि तुम्हाला कधी 'थँक्यू' म्हटलं नाही, तेही याच वेळी आठवतं आहे. तुमच्यामुळे मी तो अभ्यास पुरा केला. तुमच्यामुळे आता कॉलेजच्या बैठकीत मी हात वर करते. हे सगळं बोलायचं म्हणून ठेवलं होतं, पुढच्या खेपेला बोलू म्हणून.

पण चिडण्याच्या खाली, अगदी तळाशी, फार हलकं वाटतं आहे. तुमचा निर्णय तुमचा होता. पूर्ण तुमचा. माझं त्यात काही नव्हतं, अमोलचं नव्हतं, ताईंचं नव्हतं. एवढं आयुष्य दुसऱ्यांना विचारून काढलेल्या बाईनं हे एक कुणाला न विचारता केलं.

ताई काल परत गेल्या. अमोल बँकेच्या कामासाठी अकोल्यातच थांबला आहे, म्हणून त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "आईनं त्या निबंधात नेमकं लिहिलं काय?" मी सांगितलं. शंभर जणांचं, किडनीचं, उन्हाचं. माझी बाजूही सांगितली, की आकडा एकट्या माणसाबद्दल काही बोलत नाही. ताई ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "असं कसं? काही बोलत नसन तर माणसानं डॉक्टरकडे जायचं कशाले?" मी म्हटलं, ताई, तसं नाही. त्या म्हणाल्या, मग कसं? गाडी आली, त्यांची बॅग मी आत दिली, त्या खिडकीशी बसल्या आणि तिथूनही बोलतच होत्या. गाडी हलली तरी हातवारे करून मला काहीतरी समजावून सांगत होत्या. शेवटचं ऐकू आलं नाही. पण ते माझ्या विरुद्ध होतं, एवढं नक्की.

मग मी बस स्टँडवर येऊन अमरावतीची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली. तुम्ही आजारी पडल्यापासून प्रवासात मी फोन हातात धरून बसायची, आवाज मोठा करून, डोळा लागू न देता. काल तो पर्समध्ये कुठंतरी खाली होता. मूर्तिजापूर कधी गेलं, बडनेरा कधी गेलं, मला माहीत नाही. कुणीतरी पुढच्या सीटवर टकटक करत होतं. डोळे उघडले तर बस रिकामी, आणि कंडक्टर समोर उभा.

"ओ मॅडम, अमरावती आली. उतरता, का वापस अकोल्याले येता?"

उतरले, आई.